बायोलॉजीच्या आधीचा फोन

माझे वडील माझ्या बारावीच्या फिजिक्स आणि केमिस्ट्रीच्या पेपरांच्या मध्ये जी सुट्टी होती, त्या सुट्टीत गेले. मला ते बायोलॉजीचा पेपर झाल्यावर सांगितलं. मधले सगळे दिवस मी अभ्यास करत होते, जेवत होते, मावशीवर चिडत होते आणि फोनवर वडिलांशी बोलतही होते. त्या बोलण्याबद्दल मी कोणाला नीट सांगितलेलं नाही. सांगायला गेलं की लोक आधी आईला नावं ठेवतात, आणि आईला नावं ठेवायचा हक्क मी फक्त माझ्याकडे ठेवला आहे.

आमचं घर फुलसावंगीला. बाबांचं तिथे मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरची मोटर जळली की शेतकरी ती मोटरसायकलच्या मागे बांधून घेऊन यायचा, आणि बाबा ती उघडून आतली जळकी तार उपसून काढायचे. मग नवी तांब्याची तार भरायची, वार्निश पाजायचं, उन्हात वाळवायची. सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्यासमोर पोत्यावर बसून असायची. मला त्या वार्निशचा वाससुद्धा आवडायचा. बाबांना मात्र माझं तिथे बसणं आवडायचं नाही. “जाय, अभ्यास कर. तुले डॉक्टर व्हायचं हाये, हात काळे कायले करतं?” असं म्हणायचे. म्हणायचे आणि पकडही माझ्याकडेच मागायचे.

गावातली पोरगी हुशार निघाली की तिनं डॉक्टर व्हायचं असतं, हे कोणी ठरवलं मला माहीत नाही. आमच्याकडे तरी ते दहावीच्या निकालाच्या दिवशी ठरलं. बाबांनी दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पेढा दिला आणि प्रत्येकाला सांगितलं की ही आता डॉक्टर होणार. मी तिथेच उभी होते. मला कोणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला काही वेगळं सुचतही नव्हतं. चांगलं कॉलेज पाहिजे म्हणून मला अकरावीला वणीला मावशीकडे ठेवलं.

मावसाजी कोळसा खाणीत नोकरीला. त्यांना खाणीच्या वसाहतीत क्वार्टर होतं, मागे छोटं अंगण, अंगणात पपईचं झाड. दोरीवर पांढरी ओढणी वाळत घातली की संध्याकाळी ती करड्या रंगाची होऊन घरात यायची. बारावीच्या वर्षी मावशीनं त्या घराचा तुरुंग केला. माझा फोन काढून कपाटात ठेवला आणि किल्ली ब्लाउजमध्ये. टीव्हीवर चादर टाकली, आणि कोणी चादर काढू नये म्हणून वर गणपतीची मूर्ती आणून बसवली. मावसाजी क्रिकेटवेडे. ते बिचारे रोज कामावरून आले की गणपतीकडे बघत चहा प्यायचे.

बाबा पेपरच्या दिवशी सकाळी मावशीच्या फोनवर फोन करायचे. बोलणं ठरलेलं. “पोट्टे, खाल्लं काय? पेन दोन घेतले काय? जाय मंग.” एवढंच. इंग्रजीला तेच, मराठीला तेच, फिजिक्सला तेच. माझ्या मैत्रिणींचे वडील ‘टेन्शन घेऊ नको, शांत डोक्यानं लिही’ असं काय काय सांगायचे. बाबांचा भर पेनांवर. एकदा मी म्हटलं, “तीन घेतले,” तर म्हणाले, “तिसरा कायले? दोन्ही बिघडले तं पेपरच तुह्या नशिबात नाही.”

फिजिक्सचा पेपर जड गेला. संध्याकाळी मी बाबांना फोन लावायला सांगितलं, तर ते कोणाच्या तरी शेतात, विहिरीत मोटर सोडायला गेले होते, आई म्हणाली उद्या बोल. मीही म्हटलं, उद्या बोलू. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात काम करता करताच त्यांच्या छातीत कळ आली. बाबांचा धाकटा भाऊ, माझा काका, तेव्हा सहज दुकानात आला होता आणि शेजारच्या हॉटेलात चहा सांगायला गेला होता. तो परत येऊन बघतो तर बाबा पोत्यावर आडवे. गाडीत घालून पुसदला नेईस्तोवर सगळं संपलं होतं.

हे सगळं मला नंतर कळलेलं. त्या दुपारी मला एवढंच आठवतं की मावशीला एक फोन आला, ती बोलत बोलत मोरीत गेली, तिनं नळ पूर्ण सोडला आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी आतून ओरडले की पाणी वाया चाललंय, टाकी संपेल. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा धुतलेला होता. “धूळ गेली डोळ्यात,” म्हणाली. वणीत डोळ्यांत धूळ जाण्यासारखी रोजची गोष्ट दुसरी नाही. मी पुन्हा केमिस्ट्रीत डोकं घातलं.

तिकडे गावी आईनं बाबांना घरी आणायच्या आतच सगळ्यांना सांगून टाकलं होतं, “वणीले कळू देऊ नोका. तिचे पेपर होऊ द्या.” काका म्हणाला की बापाचं तोंड तरी पाहू द्या पोरीला. आई म्हणाली, “मी पाह्यलं होतं माह्या मायचं तोंड. मंग काय भेटलं मले?” ती गोष्ट सगळ्यांना माहीत होती. आईच्या दहावीच्या परीक्षेत तिची आई वारली. तिला दोन पेपरांच्या मधून घरी नेलं, आणि परत केंद्रावर पोचवायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. पुढच्या वर्षी बसू म्हणेस्तोवर तिचं लग्न झालं होतं. माझी आई वर्गात पहिली यायची, हे मला मावशीनं सांगितलेलं; आईनं कधीच नाही.

मावशी आईची धाकटी बहीण. तिनं ते सगळं डोळ्यांनी पाहिलेलं, म्हणून तिनं आईचं ऐकलं. मावसाजी ‘दुसऱ्या खाणीत ड्यूटी लागली’ सांगून फुलसावंगीला गेले. मावशीला आपल्या बहिणीजवळ जायचं होतं, पण ती माझ्याजवळ राहिली. माझ्यासाठी पोळ्या लाटत राहिली. आज विचार केला की तिच्याबद्दल माझा जीव तुटतो, पण त्या दिवसांत मी तिला पोळी जळाली म्हणून बोललेसुद्धा आहे.

आता मागे वळून बघते तर सगळं माझ्यासमोरच चाललं होतं. टीव्हीवरचा गणपती एकदम देवघरात गेला. मी विचारलं तर मावशी म्हणाली, “तू अभ्यास करता करता हात लावतं, मूर्ती पडन.” इंग्रजीपासून प्रत्येक पेपरला आम्ही रस्त्यावरच्या मारुतीच्या देवळात जाऊन मग केंद्रावर जायचो. केमिस्ट्रीच्या दिवशी ती देवळाजवळ पोचल्यावर म्हणाली, “आज इथूनच हात जोड, उशीर होते.” उशीर अजिबात नव्हता. रविवारी ती माझ्या डोक्याला तेल चोळायची, त्या रविवारी म्हणाली, “नोको, डोकं जड पडते.” घरात कढई चढली नाही. नुसतं वरण, भात, पोळी. मी म्हटलं, “परीक्षेच्या वेळेस लोक पोराईले बदाम खाऊ घालतात अन् तू मले दवाखान्यातलं जेवण देऊन राहिली.” ती हसली. कशी हसली असेल, तिचं तिलाच माहीत.

देवाला शिवायचं नाही, तेल लावायचं नाही, तळण करायचं नाही. माझ्या बापाचं सुतक त्या घरानं माझ्यावतीनं पाळलं. माझ्या हातून काही चुकू नये म्हणून मावशी जपत होती, आणि मला वाटत होतं की ती चेंगटपणा करते आहे. देवाची अशी भीती बाळगणाऱ्या बाईनं केमिस्ट्रीच्या सकाळी माझ्या हातावर दही-साखर मात्र ठेवलं. ते ठेवलं नसतं तर मी विचारलं असतं. त्याबद्दल तिनं पुढे कितीतरी उपास केले, हे मला मावसाजींनी सांगितलं.

त्या सकाळी फोन आला नाही. मी बूट घालून दारात बसून राहिले. म्हटलं, बाबांचा फोन आल्याशिवाय मी जात नाही. मावशी म्हणाली, ते कामात असतील. मी म्हटलं, मग तू लाव. मावशी फोन घेऊन मागच्या अंगणात गेली. थोड्या वेळानं आली आणि फोन माझ्या हातात दिला.

पलीकडे काका होता.

बाबांचा आणि काकाचा आवाज समोर बसलं तर वेगळा होता. काका हळू आणि अडखळत बोलायचा, बाबा तोडून टाकल्यासारखं. पण फोनवर दोघांचा आवाज एकच. बाबांचा फोन कधी काकानं उचलला तर आईसुद्धा फसायची आणि काकालाच ‘येतानी सांबार आणजा’ म्हणून सांगायची, आणि काका निमूटपणे सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी घेऊन आमच्या घरी यायचा. हा आमच्या घरातला नेहमीचा विनोद होता. हाच विनोद त्या सकाळी कामी आला.

“हां,” तो म्हणाला. “खाल्लं काय?”

“खाल्लं. आवाज काहून असा?”

“सर्दी हाये.”

“औषध घ्या ना मंग.”

“घेतो. जाय, नीट लिहिजो.”

मी म्हटलं, “अन् पेन?” त्याला त्या पेनांचं माहीत असण्याचं काही कारणच नव्हतं. मग म्हणाला, “घेतले ना?” मी म्हटलं, “दोन घेतले.” तो म्हणाला, “हां, दोन घे.” त्या फोनवर त्यानं मला कोणत्याच नावानं हाक मारली नाही. बाबा मला पोट्टी म्हणायचे, काका मला बाई म्हणायचा. मला वाटतं, त्याच्या तोंडातून ‘बाई’ निघेल म्हणून तो भीत असेल, आणि ‘पोट्टे’ म्हणायची त्याची छाती झाली नसेल.

तेव्हा काकाच्या डोक्यावर केस नव्हते. बाबांना मुलगा नाही, म्हणून अग्नी त्यानं दिला होता. तो घराच्या एका कोपऱ्यात घोंगडीवर बसला होता आणि आई त्याच्या समोर. तिनंच फोन त्याच्या कानाला लावून धरला होता.

केंद्रावर मला फार मान मिळू लागला. एक मैत्रीण, जी एरवी रांगेत ढकलून पुढे जायची, तिनं मला पाण्याच्या टाकीवर आधी जाऊ दिलं. आमचे एक सर वर्गाच्या दारात उभे होते, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. वसाहतीतल्या बायका मी दिसले की गप्प व्हायच्या. मला वाटलं, सगळ्यांना खात्री झाली की मी पहिली येणार. मी जरा ताठच चालू लागले. अख्ख्या वणीला ठाऊक होतं असं आज वाटतं. मला सोडून.

गणिताच्या सकाळीही तसाच छोटा फोन झाला. गणित फार छान गेलं. गणित सोडवताना मला दुकानात बसल्यासारखं वाटायचं, आणि बायोलॉजी उघडलं की किती धडे उरले ते मोजत बसायची. बायोलॉजीच्या आधी बरेच दिवस मोकळे होते. मी पपईच्या झाडाखाली खुर्ची टाकून पानं उलटायची, आणि एका दुपारी मला अगदी स्पष्ट कळलं की मला डॉक्टर व्हायचं नाही. मला इलेक्ट्रिकलला जायचं आहे. मोटर का फिरते हे मला पुस्तकातून आणि बाबांच्या पोत्यावरून, दोन्हीकडून माहीत होतं, आणि एवढ्या आवडीचं दुसरं काही माझ्याजवळ नव्हतं. बाबांना हे समोर सांगायची माझी हिंमत नव्हती. फोनवर सांगता येईल असं वाटलं. मी मावशीला म्हटलं, मला बाबांशी बोलायचं आहे, आत्ता.

मावशीनं खूप टाळलं. मी हट्टाला पेटले. शेवटी तिनं फोन लावून दिला आणि ती तिथेच, अंगणाच्या पायरीवर बसली.

मी एका दमात बोलले. “बाबा, मी बायोलॉजीचा पेपर देईन, चांगला देईन. पण मले डॉक्टर नाही व्हायचं. मले इलेक्ट्रिकलले जायचं हाये. तुम्ही रागावसान माहीत हाये मले. पण मले तेच करायचं हाये.”

श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, “बाबा, बोला ना.”

“हां,” तो म्हणाला.

“हां म्हणजे?”

“तुह्या मनानं कर.”

मी इतकी तयारी केली होती. भांडायची, रडायची, उपाशी राहायची. बाबा ‘हात काळे कराले शिकवलं काय तुले’ म्हणतील, त्यावर काय म्हणायचं तेही जुळवून ठेवलं होतं. मी पुन्हा विचारलं, “तुम्ही चिडले नाही?” तो म्हणाला, “नाही. कायले चिडू? तू फक्त पेपर दे.” आणि फोन बंद झाला.

मी उड्या मारल्या. खरंच मारल्या. मावशीच्या गळ्यात पडून म्हटलं, “बाबा हो म्हणाले!” आणि मावशी ढसाढसा रडायला लागली. मी म्हटलं, “तू कायले रडतं बह्याडासारखी? तुले डॉक्टर भाची पाहिजे होती काय?” ती मान हलवत राहिली. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात आनंदाचा दिवस होता असं मी त्या वेळी कोणालाही शपथेवर सांगितलं असतं.

बायोलॉजीचा पेपर सुटला तेव्हा फाटकाबाहेर मावसाजी गाडी करून उभे होते, मावशी आत बसलेली, माझी बॅग भरून मागे ठेवलेली. मला वाटलं, घरी सोडायला चाललेत. मी यवतमाळपर्यंत एकटी बडबडत होते. कोणता प्रश्न आला, कोणता नाही, इलेक्ट्रिकलला कुठे नंबर लागेल, बाबांना आता कशी रोज छळीन. आर्णीला गाडी थांबली. मावसाजींनी माझ्यासाठी आलुबोंडे आणले. दोघांनी काही घेतलं नाही. मावशी काहीतरी बोलायला लागली तर मावसाजी म्हणाले, “आधी खाऊ द्या तिले.” त्यांनी मला खाऊ दिलं. प्लेट रिकामी झाल्यावर मावशीनं ती माझ्या हातातून घेतली, आणि मग सांगितलं.

त्या दिवसापासून मला चांगल्या माणसांची भीती वाटते. वाईट माणूस तुमच्याकडून काही हिसकावतो तेव्हा तुम्हाला कळतं तरी. माझ्याकडून माझ्या बापाचं शेवटचं तोंड हिसकावलं ते माझ्यावर जीव असलेल्या लोकांनी, आणि प्रत्येक वेळी मी पोटभर जेवले आहे याची खात्री करून.

घरी पोचले तर ओसरीत बाबांचा हार घातलेला फोटो. लग्नातला कापून मोठा केलेला, त्यात ते हसत होते. आई भिंतीला टेकून बसली होती. मला बघून उठली, माझे दोन्ही हात धरले आणि तिनं विचारलं, “पेपर कसा गेला?”

मी आईचे हात झटकले. मी काय काय बोलले ते मला आठवत नाही, शेजारच्या बायकांना आठवतं. एवढं मात्र आठवतं की मध्येच माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं आणि मी थांबले. मी विचारलं, “मंग फोनवर कोण होतं?” सगळ्या बाया खाली बघू लागल्या. कोपऱ्यातल्या घोंगडीवर काका बसला होता. तो उठून उभा राहिला, हात जोडल्यासारखे केले, आणि बोलण्यासाठी तोंड उघडून परत मिटलं.

मी दोन दिवस त्याच्याकडे बघितलं नाही. बाबा गेले यापेक्षा त्या दोन दिवसांत मला हेच जास्त लागत होतं की बाबा हो म्हणालेच नव्हते. त्यांना माझं काही माहीतच नव्हतं. ते गेले तेव्हा त्यांच्या डोक्यात मी डॉक्टर होते. मी उड्या मारत होते त्या वेळी त्यांची राखसुद्धा सावडून झाली होती.

तेरवीच्या जेवणानंतर पाहुण्यांत माझा विषय निघाला. लांबच्या नात्यातले एक आजोबा म्हणाले, “आता पोरीनं बापाची इच्छा पुरी करावं. डॉक्टर व्हावं.” सगळ्यांनी माना हलवल्या. मेलेल्या माणसाच्या इच्छेपुढे बोलायचं कसं? आणि तेव्हा काका, जो चारचौघांत कधी तोंड उघडत नाही, तो अडखळत म्हणाला, “दादानं तिले तिच्या मनासारखं कर म्हणून सांगतलं. जायच्या आधी. फोनवर. इलेक्ट्रिकलचं बोलणं झालं होतं त्याईचं.”

आजोबांनी आईकडे बघितलं. तो फोनही आईनंच काकाच्या कानाला धरला होता. आई खाली बघत म्हणाली, “व्हय. माह्यासमोर.”

तेवढ्यावर माझं इलेक्ट्रिकल ठरलं. निकाल चांगला लागला. बायोलॉजीत गणितापेक्षाही जास्त गुण पडले, त्याचं सगळ्यांना फार कौतुक. मी शिकले. आता यवतमाळला नोकरी करते, आईला माझ्याजवळ आणलं आहे. दुकान काकानं काही दिवस उघडं ठेवून पाहिलं, पण त्याला ते काम येत नव्हतं, मग तिथे कुणाचं तरी मोबाइलचं दुकान आलं. माझं आणि काकाचं बोलणं हळूहळू पहिल्यासारखं झालं, पण फक्त समोरासमोर. फोनवर तो माझ्याशी बोलत नाही. मी फोन केला आणि त्यानं उचलला, तर एक शब्द न बोलता काकूच्या हातात देतो. काकूला ते विचित्र वाटतं. मला वाटत नाही. कधी कधी मला मनातून वाटतं की त्यानं एकदा चुकून बोलावं. पण मी त्याला तसं म्हटलेलं नाही.

यंदा तुरीच्या वेळेस मी एकटी गावी गेले होते. काका अंगणात तूर वाळत घालत होता, मी पायानं पसरवत होते. काकू आत होती. मी विचारलं, “काका, खरं सांग. बाबा काय म्हणाले असते?”

कशाबद्दल, हे त्यानं विचारलं नाही. तो तुरीतले खडे वेचत राहिला. मग म्हणाला, “दादा नाही म्हटला असता.”

मी पायानं तूर पसरवत राहिले.

“लय चिडला असता,” तो म्हणाला. “आठ दिवस तुह्याशी बोलला नसता. तू जेवली नसती, तं तोही जेवला नसता. वहिनीनं दोघाईले शिव्या घातल्या असत्या. मंग एक दिवस सकाळीच अंघोळ करून तयार होऊन बसला असता, का चाल, कोणत्या कॉलेजात जायचं हाये. अन् वापस येतानी साऱ्या एस्टीले सांगत आला असता, माही पोरगी मोटरीची इंजिनीअर होऊन राह्यली म्हणून.”

तो हे सगळं बाबांच्या आवाजात नाही, स्वतःच्याच अडखळत्या आवाजात बोलला, आणि तरी मला बाबा समोर बसलेले दिसले. मला तो नकार पाहिजे होता. त्यांचं ते न बोलणं पाहिजे होतं, आठही दिवस. काकानं मला होकार दिला, मी त्यावर आयुष्य उभं केलं, त्याचे उपकार फिटायचे नाहीत. पण बापाशी करायचं माझं एक भांडण राहून गेलं आहे, आणि ते आता मी कोणाशीही केलं तरी ते होत नाही.

मग मी त्याला सहज म्हटलं. रागानं नाही, खरंच सहज. “काका, राहिलेले पेपर मागून देता आले असते मले. जुलैत होते परीक्षा.”

काकानं वर बघितलं. “ते तं नापास पोराईची असते ना?”

“ज्याचा पेपर बुडला त्यालेही देता येते.”

“अन् वर्ष?”

“गेलं असतं तं एक वर्ष.”

आमच्या घरात कोणी नापास झालेलंच नव्हतं. माझी आई पहिली यायची, मी पहिली यायची. त्या परीक्षेची चौकशी करायची वेळ आमच्यावर कधी आली नव्हती. काकाच्या हातातले खडे तसेच राहिले. त्यानं घराच्या दाराकडे बघितलं, काकू ऐकते आहे का म्हणून, आणि अगदी हळू म्हणाला, “वहिनीले सांगू नोको, बाई.”

मी सांगितलेलं नाही. आईला हल्ली चष्मा लावूनही बारीक अक्षर दिसत नाही, वर्तमानपत्रापासून सगळं मीच तिला वाचून दाखवते. मी लिहिलेलं तर ती हट्टानं वाचून घेते. हे मात्र मी तिला वाचून दाखवणार नाही.